काचघरातला पेरू आणि हापूसचा हट्ट

इंग्लंडात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या उन्हाळ्यातच एक मोह होतो. घरामागे चिमुकली का होईना बाग मिळालेली असते, जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि किराणावाल्याकडून आणलेल्या पेटीतला शेवटचा हापूस संपला की त्याची कोय फेकवत नाही. ती कुंडीत रुजतेही. तांबूस, कोवळी पानं फुटतात, त्यांचा फोटो कोल्हापूरला आजीकडे जातो. नोव्हेंबरात पानांच्या कडा काळवंडतात आणि फेब्रुवारीत उरते ती नुसती काडी.

बरीच वर्षं इथे काढलेली कुटुंबं नव्यांना पहिल्यांदा सांगतात ती गोष्ट थंडीची नसते, उजेडाची असते. पुण्यात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे ११ तासांचा असतो. लंडनला तो आठ तासही भरत नाही, आणि त्यातही सूर्य छपरांच्या वर जेमतेम डोकावतो. अशा वेळी हीटर लावून झाडाला ऊब दिली की ते वाढू लागतं, पण उजेडाअभावी फांद्या लांबट, फिकट होतात आणि पिठ्या ढेकूण त्यांवर ताव मारतो. म्हणून हिवाळ्यात झाड वाढवायचं नाही, निभवायचं. पाणी कमी, खत बंद, ऊब जिवापुरती.

काचघराचं म्हणाल तर इंग्लंडात स्वतंत्र घराच्या मागच्या बागेत छोटं काचघर उभारायला सहसा परवानगी लागत नाही. मात्र कुंपणापासून दोन मीटरच्या आत ते उभं राहणार असेल, तर उंची अडीच मीटरपेक्षा जास्त नको. भाड्याच्या घरात घरमालकाला आधी विचारावं. साध्या काचेपेक्षा दुपदरी पॉलिकार्बोनेट ऊब जास्त धरतं. काचच असेल तर ऑक्टोबरअखेर आतून बबल रॅप लावावा. रॉकेलचा हीटर स्वस्त वाटतो, पण तो जळताना वाफ सोडतो. बंद काचघरात तो दमटपणा साचतो आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. थर्मोस्टॅटचा विजेचा हीटर बरा. बिल मात्र सोसावं लागतं. म्हणूनच अनेक घरांत काचघर एप्रिल ते ऑक्टोबर वापरतात आणि थंडीत नाजूक कुंड्या घरातल्या दक्षिणेच्या खिडकीत येतात.

उन्हाळ्यात संकट उलटं. जुलैच्या दुपारी बंद काचघर भट्टीसारखं तापतं. छताच्या खिडकीला मेणाची नळी असलेलं स्वयंचलित यंत्र जरूर बसवावं: ऊन वाढलं की नळीतलं मेण फुगतं, दांडा पुढे सरकतो आणि खिडकी आपोआप उचलली जाते. वीज लागत नाही, ऑफिसातून धावत यावं लागत नाही.

सुरुवात कढीपत्त्याने करावी. ते फळझाड नव्हे हे खरं, पण हात बसायला त्याच्यासारखा गुरू नाही. तापमान बराच काळ १३ अंशांखाली राहिलं की तो सगळी पानं टाकतो, आणि नवखा माणूस मेला समजून कुंडी रिकामी करतो. तसं करण्याआधी खोडाची साल नखाने हलकेच खरवडावी. खाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. पाणी जवळजवळ तोडून मार्चपर्यंत वाट पाहावी. मग शेंडा छाटला की बगलेतून दोन-तीन धुमारे येतात. लंडनचं नळाचं पाणी चुनखडीचं असतं, त्याने कढीपत्ता आणि लिंबू दोन्ही पिवळे पडतात. पन्हाळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी साठवावं. या देशात त्याची टंचाई क्वचितच भासते.

लिंबू त्याहून सोपं. मेयर जातीचं झाड थंड, उजेडाच्या काचघरात पाच अंशांवरही तग धरतं. उलट दिवाणखान्यात रेडिएटरशेजारी ठेवलं की कोरड्या हवेने पानं गाळतं.

पेरू मात्र खरा जिवाचा सोबती. तो नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे हिवाळा सरताना बिनधास्त छाटता येतो आणि कुंडीत माणसाच्या उंचीएवढाच राखता येतो. स्वतःच्याच परागाने फळ धरतो. बियांपासून लावला तरी तीन-चार वर्षांत फळाची आशा ठेवता येते. थंडीत पानं जांभळट झाली तर घाबरू नये, फक्त हिम लागू देऊ नये.

केळीचा इथला इतिहास मोठा गमतीचा आहे. डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ इथे ड्यूकच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने १८३५ च्या सुमारास एका ठेंगण्या केळीला घड आणला. ड्यूकच्या घराण्याच्या आडनावावरून तिचं नाव कॅव्हेंडिश पडलं. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच कुळातल्या. पण ड्यूककडे कोळसा आणि नोकर दोन्ही मुबलक होते. १४ अंशांखाली केळीची वाढ थांबते, तेव्हा शोभेपुरती हवी असेल तरच लावावी.

गावाहून येताना मात्र पिशवीत रोपं, फांद्या, माती काहीही आणू नये. रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय रोपं आणता येत नाहीत आणि माती तर नाहीच. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे. त्याच्यावर पोसणारी सिला कीड लिंबूवर्गीय झाडांचा अत्यंत घातक रोग पसरवते. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपीय महासंघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती पुढच्या वर्षी उठली. रोपं इथल्याच रोपवाटिकेतून घ्यावीत.

राहिला हापूस. त्याच्या कोयीतून हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून तर कोकणात कलमं बांधतात. शिवाय आंब्याला मोहोरासाठी कोरडी, सौम्य थंडी लागते आणि फळ धरायला ऊब व ऊन; इथे मोहोर आला तरी तो अंधाऱ्या दिवसांत येतो, परागीकरण कुंचल्याने करावं लागतं आणि बहुतेक मोहोर गळतो. जपानमध्ये मियाझाकीला प्लास्टिकच्या तापवलेल्या घरांत आंबे पिकवतात, पण तिथे एकेका फळाला मिळणारी किंमत इंधनाचा खर्च भरून काढते. घरगुती बागेला ते परवडणारं नाही. हापूस मे महिन्यात पेटीनेच घ्यावा आणि काचघरातली जागा पेरूला द्यावी.