छऱ्याच्या बंदुकीची निगा

ज्या घरांत छऱ्याची बंदूक असते त्या घरांत तिची हानि बहुधा दोन प्रकारांनीं होते. कोठें ती वर्षानुवर्षें माळ्यावर गंजत पडते, तर कोठें हौशी मुलें तिच्यावर तेलाचा असा मारा करितात कीं, बिचारी गंजली असती तर बरें झालें असतें! दुसऱ्या प्रकारचा अपराध मीं स्वतः केलेला आहे. तेव्हां पुढें जें सांगणार आहें तें कांहीं अंशीं प्रायश्चित्त म्हणूनच सांगत आहें असें समजावें.

आमच्या घरीं वडिलांच्या मामांची एक जुनी बंदूक होती. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खालीं वाकवून, भरण्याच्या जातीची ती होती. एका पावसाळ्यानंतर ती जड चालूं लागली, म्हणून मीं व माझ्या चुलतभावानें शिवणयंत्राच्या तेलाची जवळजवळ अर्धी बाटली तिच्या पोटांत रिचविली. पहिलाच बार फटाक्यासारखा कडाडला. नळींतून निळसर धूर निघाला, जळक्या तेलाचा वास सुटला, आणि छरा डब्याचा पत्रा भेदून मागच्या फळींत रुतला. आम्हांस वाटलें, बंदूक पुन्हां तरुण झाली! दोन दिवस हा पराक्रम चालला. तिसऱ्या दिवशीं चाप ओढतांच आंत कांहीं तरी खळखळलें व छरा दहा पावलांवर मातींत पडला. कारागिरानें बंदूक उघडून दोन वस्तु आमच्यापुढें ठेविल्या: कोळशासारखा झालेला चामड्याचा वॉशर आणि तीन तुकडे झालेली स्प्रिंग. “बंदुकीला तेल चाटवायचें असतें, न्हाऊं कशाला घातलेंत?” एवढेंच तो म्हणाला.

असें कां झालें हें समजण्यासाठीं बंदुकीच्या अंतरंगांत शिरलें पाहिजे. दस्त्यावर जें पोलादी नळकांडें असतें त्यांत एक दट्ट्या व त्याच्या मागें एक लांब, दणकट स्प्रिंग असते. नळी खालीं वाकविली कीं तिला जोडलेला दांडा दट्ट्यास मागें रेटतो, स्प्रिंग दबते, आणि चापाचा अडसर दट्ट्यास तेथेंच धरून ठेवतो. मग नळीच्या मागल्या तोंडांत छरा बसवून नळी पूर्ववत् सरळ करावयाची. चाप ओढला म्हणजे अडसर सुटतो, स्प्रिंग उसळते, दट्ट्या पुढें झेपावतो, आणि त्याच्यापुढची हवा एका बारीक छिद्रांतून छऱ्याच्या पाठीवर आदळते. या बंदुकींत हवा आगाऊ सांठविलेली नसते. बार निघतांना क्षणार्धांत ती दाबली जाते.

आतां थोडें गणित करूं. साडेचार मिलिमीटर व्यासाचा छरा वजनानें सुमारें अर्धा ग्रॅम भरतो. स्पर्धेच्या बंदुकींतून तो सेकंदास सुमारें १७५ मीटर वेगानें सुटतो. वस्तुमानाच्या निम्म्यास वेगाच्या वर्गानें गुणलें म्हणजे साडेसात जूलहून किंचित् अधिक ऊर्जा होते. एक किलोग्रॅमचें माप जमिनीवरून पाऊण मीटर उचलण्यास लागणाऱ्या कार्याएवढीच ही ऊर्जा आहे. हें सर्व बळ तुमच्याच दंडाचें. शिवाय तुम्हीं स्प्रिंगमध्यें सांठविलेल्या ऊर्जेचा साधारणतः तिसरा हिस्साच छऱ्याच्या वांट्यास येतो. बाकीची हवा तापविण्यांत, घर्षणांत, स्प्रिंगच्या थरथरण्यांत व दस्त्याच्या धक्क्यांत खर्चीं पडते. बंदुकीची निगा राखावयाची ती ही गळती कमी करण्यासाठीं. नवें बळ घालण्याचा मोह पडला कीं ती बिघडलीच.

सायकलच्या पंपाचें तोंड अंगठ्यानें बंद करून दांडा जोरानें दाबला तर पंप गरम लागतो, हें तुम्हांपैकीं बहुतेकांनीं अनुभविलें असेल. बंदुकींत हेंच घडतें, पण इतक्या झपाट्यानें कीं उष्णतेस बाहेर जाण्यास सवडच मिळत नाहीं. त्या तापलेल्या हवेंत तेलाची वाफ असेल तर ती ठिणगीवांचून पेटते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन यंत्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जें एंजिन सिद्ध केलें त्याचें तत्त्व हेंच होय. इंग्लंडांतील कार्ड्यू पितापुत्रांनीं एक बंदूक मुद्दाम नायट्रोजन वायूंत ठेवून उडवून पाहिली, तों छऱ्याचा वेग घटला. यावरून असें दिसलें कीं, जोरकस बंदुकींत वंगणाचा सूक्ष्म अंश बाराबरोबर जळतच असतो. परंतु सूक्ष्म अंश जळणें निराळें आणि साचलेल्या तेलाचा भडका उडणें निराळें. भडक्यानें दट्ट्या मध्येंच उलट मागें फेंकला जातो, स्प्रिंग अवेळीं चेंगरते, वॉशर करपतो. आमच्या पराक्रमाचा उलगडा मला असा फार उशिरा झाला.

मग तेल घालावें तरी किती? हें वॉशरावर अवलंबून आहे. जुन्या बंदुकींत दट्ट्याच्या टोंकास चामड्याचा वॉशर असतो. तो सुकला कीं आखडतो व त्याच्या कडेनें हवा निसटते. म्हणून दोनतीन महिन्यांतून एकदां, छऱ्यामागील छिद्रांतून दोन थेंब तेल सोडावें, बंदूक रात्रभर उभी ठेवावी, आणि चामड्यानें तें पिऊन घेतल्यावरच ती वापरावी. नव्या बंदुकींतील वॉशर कृत्रिम द्रव्याचा असतो. त्याला असली तहान नसते. त्या छिद्रांत कांहींही न सोडणें हेंच उत्तम. बिजागरीस व दांड्याच्या सांध्यास मात्र दोहोंतही ग्रीसचें बोट फिरविलेलें चांगलें. खोबरेल तेल कधींही वापरूं नये. घरांत तें हाताशीं असतें खरें, परंतु थंडींत तें थिजतें व पुढें चिकट होऊन धूळ धरून बसतें.

दुसरी गळती नळीच्या सांध्यांतून होते. नळी जेथें नळकांड्यास येऊन मिळते तेथें एक लहानसा वॉशर बसविलेला असतो, व बंदुकीचा जोर मंदावला तर पुष्कळदां दोष या चिमुकल्या वॉशराचाच असतो. याची परीक्षा सोपी आहे. सांध्यावर पिंजलेल्या कापसाचा विरळ पुंजका ठेवून बार काढावा. कापूस उडाला तर हवा निसटते आहे. वॉशर टांचणीनें अलगद उकरून काढावा व त्याच मापाचा दुसरा बसवावा. चामड्याचा हवा असेल तर जुन्या कमरपट्ट्याच्या तुकड्यांतून कापतां येतो. तो सभोंवारच्या धातूहून केसभर वर राहिला पाहिजे. खालीं बसत असेल तर त्याच्याखालीं कागदाची चकती सारावी. दोन आण्यांचेंही हें काम नव्हे, परंतु मीं पाहिलेल्या दहा ‘म्हाताऱ्या’ बंदुकींपैकीं निम्म्या याच उपायानें सुधारल्या.

दस्त्याचे स्क्रू धक्क्यांनीं ढिले होतात, ते खांचेस नीट बसणाऱ्या पेंचकसानें दर खेपेस तपासावेत. कोंकणच्या दमट हवेंत हाताचा घामसुद्धां पोलादाला पुरतो. तेव्हां वापरानंतर बाहेरून तेलकट फडकें फिरवून मगच बंदूक ठेवावी. नळीच्या आंत तारेचा ब्रश घालूं नये. वर्षांतून एकदोनदां दोरीस बांधलेली मऊ चिंधी मागून पुढें ओढली कीं पुरे. छरा हा कमरेंत बारीक, डमरूसारखा असतो. त्याचा मागला पातळ घेर चेपलेला असेल तर तो कितीहि नेमानें सोडला तरी भरकटतो. असले छरे निवडून टाकून द्यावेत. छरे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्यावांचून खाऊ खाऊं नये.

आतां मुख्य स्प्रिंगविषयीं. ती नळकांड्यांत बसविलेली असतांनाही दाबलेलीच असते. चाप ओढला म्हणजे ती पूर्ण सैल झाली असें समजूं नये. मागचा शेवटचा स्क्रू वा खिळ काढतांच टोपण व स्प्रिंग डोळा फोडण्याइतक्या जोरानें बाहेर येऊं शकतात. हें काम करणारा कारागीर नळकांडें एका लांब शिकंज्यांत धरतो व स्क्रू फिरवीत स्प्रिंग हळूहळू सैल करितो. मग तो दट्ट्याच्या कडा गुळगुळीत करितो, स्प्रिंगचीं टोंकें सपाट घासतो, तिच्या आंतील मार्गदर्शक दांडी सैल असल्यास नीट बसणारी घालतो व थोडें घट्ट ग्रीस लावतो. असें केल्यावर बारानंतरचा तो झणझणाट जातो व हातास एकच मऊ ठोका लागतो. घरीं पाहून शिकावें असें हें काम आहे, घरीं करून पाहावें असें नव्हे. अधिक दणकट स्प्रिंग घालण्याचा हट्ट कारागिराजवळ धरूं नये. वेग थोडासाच वाढतो. धक्का, झीज व नळी वाकविण्याचे श्रम मात्र पुष्कळ वाढतात. शिवाय आपल्या देशांत २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें २० जूलहून अधिक जोराच्या, अथवा साडेचार मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या, हवाई बंदुकीस परवाना लागतो.

इतकें केल्यावरहि नेम चुकूं लागला तर आपल्या हातांकडे पाहावें. दट्ट्या पुढें धांवतो तेव्हां बंदूक मागें सरते, व तो हवेच्या गादीवर अडतो तेव्हां ती पुढें हिसकते. हें सारें छरा नळीबाहेर पडण्याच्या सुमारासच घडत असल्यामुळें, जो बंदूक घट्ट आवळून धरतो त्याच्या हाताचा प्रत्येक फरक निशाणावर उमटतो. पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेंकवावा व बंदुकीस दर वेळीं सारखेंच हालूं द्यावें. जर्मनींतील फाइनवेर्कबाऊ कारखान्यानें १९६० नंतरच्या दशकांत बंदुकीचा सर्व वरचा भागच रुळांवर सरकता केला, तो याच धक्क्यावर उपाय म्हणून. पुढें १९८४ सालीं दहा मीटर एअर रायफलची स्पर्धा ऑलिंपिकमध्यें आली. त्या निशाणाचा मधला, दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. २००८ सालीं अभिनव बिंद्रा यांनीं याच स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें. परंतु तोंपर्यंत स्प्रिंगची जागा सांठविलेल्या हवेच्या बंदुकींनीं घेतली होती.

आपण एवढ्या सूक्ष्मतेची अपेक्षा धरूं नये. दहा मीटरांवरून, उशीवर हात टेंकून, पांच छरे सोडावेत. तीं पांच भोकें रुपयाच्या नाण्याखालीं झांकलीं गेलीं तर बंदूक निरोगी आहे. विखुरलीं तर आधीं स्क्रू, मग सांधा, मग छरे, आणि सर्वांत शेवटीं दट्ट्याचा वॉशर, या क्रमानें शोध करावा. निशाणामागें जुनीं वर्तमानपत्रें दाबून भरलेली जाड लांकडी पेटी असावी. वीट किंवा जाड पोलाद यांवरून छरा उलट येतो. वडील माणूस जवळ असल्यावांचून बंदूक बाहेर काढूं नये, आणि पांखरांवर ती मुळींच रोखूं नये. १९७२ च्या कायद्यानें वन्य पक्ष्यांची शिकार वर्ज्य आहे.

आणखी तीन गोष्टी राहिल्या. नळी वाकविलेली असतांना चापास बोट लावूं नये, व छरा बसवीपर्यंत दुसऱ्या हाताची नळीवरची पकड सोडूं नये. अडसर निसटला तर नळी उसळून बोटें सांपडतात आणि दस्ता चिरतो. छऱ्यावांचून बार काढूं नये, कारण पुढें अडवणूक नसल्यानें दट्ट्या नळकांड्याच्या भिंतीवर आदळतो. आणि स्प्रिंग ताणलेली ठेवून जेवावयास जाऊं नये. ती थकते, व मागाहून येणाऱ्या धाकट्या भावास तें ठाऊक नसतें. बंदूक रिकामी व सैल करून कपाटांत ठेवावी, छऱ्यांची डबी निराळ्या खणांत, आणि दोन्ही किल्ल्या आईपाशीं.