विष नको, बादलीचा सापळा लावा

मैत्रिणींनो, सुगीचं धान्य घरात आलं की उंदीर मागोमाग येतात. मग दुकानातून औषध आणून भाकरीला नाहीतर टोमॅटोला लावून कोपऱ्यात ठेवलं जातं. हे औषध म्हणजे विषच. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट असो की झिंक फॉस्फाईडची पूड, दोन्हींवर उतारा नाही, आणि रांगतं मूल उंदराच्या आधी तिथे पोचतं. चुकून पोटात गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, पाकीट घेऊन तडक दवाखाना गाठा. गणपतीचं वाहन म्हणून हात जोडायचे आणि चिकट पुठ्ठ्यावर त्याला तडफडत ठेवायचं, हेही मला काही पटत नाही.

सापळा घरीच होतो. उंदीर फूटभर उडी मारतो, म्हणून त्याहून चांगली खोल, आतून गुळगुळीत प्लास्टिकची बादली घ्या. पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या बुडाला आणि झाकणाला मधोमध भोक पाडून जाड तार ओवा. तार बादलीच्या तोंडावर आडवी ठेवून दोन्ही टोकं काठाला घट्ट बांधा. बाटली बोटाने फिरवून बघा. ती गरकन फिरली पाहिजे, नाहीतर उंदीर जेवून परत जाईल! बाटलीच्या मध्यावर गुळात कालवलेला शेंगदाण्याचा कूट चिकटवा. जमिनीपासून तारेपर्यंत तिरकी फळी लावा. बादलीत पाणी नको, जुनी चिंधी टाका. सापळा भिंतीला लागून ठेवा, उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतात.

सकाळ-संध्याकाळ बघायचंच, अडकलेला जीव तहानेने मरतो. हाताने धरू नका. बादलीवर ताट झाकून न्या आणि कोणाच्या खळ्या-गोठ्यापासून लांब, पडीक जागी सोडा. लांब तोंडाची, उग्र वासाची चिचुंद्री सापडली तर दाराबाहेरच सोडा, ती जास्त करून किडे-झुरळं खाते. घुशीला ही बादली पुरत नाही, मोठा पिंजराच लागतो.

पण मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं. भोकं उघडी राहिली तर नुसत्या सापळ्याने भागणार नाही. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही लहान उंदीर आत येतो. चिंध्यांचा बोळा तो कुरतडतो, म्हणून तारेची जाळी कोंबून वर सिमेंट लावा. दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका, धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा. लेंड्या कोरड्या झाडू नका, ब्लीचिंगचं पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. पावसाळ्यात ताप आला तर घरात उंदीर आहेत हे डॉक्टरांना सांगा.