सकाळी गाडी गरम करावी का?

प्रश्न : आमची पेट्रोल गाडी चार वर्षांची आहे. थंडीत निघण्याआधी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवावं, असा वडिलांचा आग्रह असतो. ते खरंच गरजेचं आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वडिलांचा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळात योग्यच होता. तेव्हा चोक ओढून इंजिन तापवावं लागे. तुमच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे. तापमान पाहून पेट्रोलचं प्रमाण संगणकच ठरवतो. नाशिकच्या थंडीत अर्धं मिनिट पुरे. तेवढ्यात ऑइल सगळीकडे पोचतं. मग पहिले चार-पाच किलोमीटर हळू चालवा, आरपीएम दोन-अडीच हजारांच्या आत ठेवा. इंजिन, गिअरबॉक्स, टायर चालता चालताच नीट तापतात. उभ्या गाडीत इंजिन सावकाश तापतं, पेट्रोल वाया जातं आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं.

डिझेल गाडी असेल तर डॅशबोर्डवरचं वेटोळ्याचं चिन्ह विझल्यावरच स्टार्टर मारा.

बंद गॅरेजमध्ये मात्र इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. निर्धास्त निघा, फक्त सुरुवातीला घाई नको.