नवी पद्धत घेण्याआधी: भाताच्या शेतातून एक धडा

मैत्रिणींनो, आपला सोलापूर जिल्हा ज्वारी-तुरीचा. मग भाताचा धडा कशाला? कारण पद्धत बदलली की बाईचं काम कसं बदलतं, ते भातात लगेच दिसतं.

कोकणात चिखलणी करून, वाकून रोपं लावायची रीत आहे. लावणीला जास्त करून बायाच. रायगड जिल्ह्यातल्या नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राईस तंत्र' तयार केलं. त्यात रोपवाटिका नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने २५ सेंटिमीटरवर भोकं पाडून बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. नांगरट न करता पुढचं पीक त्याच वाफ्यावर घ्यायचं.

यात कंबर वाचते, नांगरटीचा खर्च वाचतो, कुजलेल्या मुळांनी जमीन सुधारते. पण लावणी गेली की लावणीची मजुरीही जाते. शिवाय तणनाशक लागतं. फवारताना हातमोजे, मास्क हवेतच.

म्हणून तुरीची टोकण असो की पेरणीयंत्र, गटाच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा:

१. कुणाचं काम कमी होणार, कुणाचं वाढणार?
२. कुणाची मजुरी बुडणार? तिला दुसरं काम काय?
३. वाचलेला पैसा कुणाच्या हातात येणार?

मग आधी दोन गुंठ्यांवर करून बघा. शेजारी दोन गुंठे जुन्या पद्धतीने ठेवा. दोन्हीचा खर्च, मजुरी आणि माल वहीत लिहा. पुढच्या हंगामाचा निर्णय ती वही बघून घ्या.