चढाई

पोलादपूरहून खेडला जाताना कशेडी घाट लागतो. या भागातील मुलांना कबड्डी फार आवडते. एखादा चपळ मुलगा दिसला की लोक म्हणतात, "हा मोठा खेळाडू होणार!" पण नुसती चपळाई पुरते का?

कबड्डीत एका चढाईला ३० सेकंद मिळतात. समोर ७ गडी असतात. त्यांना स्पर्श करून मध्यरेषेवर परत आले, की गुण मिळतो. घाट चढला की उतरावाही लागतो, तसेच हे आहे. केव्हा पुढे जावे आणि केव्हा वळावे, हे सरावानेच कळते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा असाच चढाईपटू. २०२२ साली त्याचा संघ, पुणेरी पलटण, प्रो कबड्डी लीगचा अंतिम सामना हरला. संघाने जिद्द सोडली नाही. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात अस्लम होता. मार्च २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने लीग जिंकली.

मित्रांनो, लोकांच्या कौतुकाने चढाई सुरू होते. ती पूर्ण होते रोजच्या मेहनतीने. तो चपळ मुलगा कदाचित तुम्हीच असाल. मग आज सराव केलात का?