वडीलधाऱ्यांचे डोळे आणि कान

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु बालकाला जग अजून ओळखावयाचे असते. वृद्धाला ते पुरते ओळखीचे असते, फक्त तिकडे नेणाऱ्या वाटा बुजत चाललेल्या असतात. कमी ऐकू येणारा मनुष्य समोरच्याचे ओठ पाहून निभावतो. कमी दिसणारा पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखतो. दोन्ही इंद्रिये मंदावली म्हणजे ही उसनवारी संपते. मग प्रश्नाला भलतेच उत्तर येते, मुले हसतात आणि आजोबा बोलणेच सोडतात. आपण म्हणतो, ते हट्टी झाले!

म्हणून प्रथम तपासणी करावी. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने बरा होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाने राखता येते. कधी कधी कानात साचलेला मळ काढल्यानेही ऐकू येऊ लागते. कानात तेल किंवा काडी घालू नये. अचानक दिसेनासे वा ऐकू येईनासे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता बोलण्याची रीत पाहू. वयोमानाने प्रथम बारीक, उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. स, श, त यांसारखी व्यंजने निसटतात. ‘सात’ आणि ‘हात’ सारखेच वाटतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत. तेव्हा खांद्यास हलका स्पर्श करावा, आपले नाव सांगावे, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे समोर बसावे व सावकाश बोलावे. रेडिओ, टीव्ही तेवढा वेळ बंद ठेवावा. न समजल्यास तेच वाक्य निराळ्या शब्दांत सांगावे. ‘जाऊ द्या, काही नाही’ हे उत्तर कधीही देऊ नये.

घराची मांडणीही महत्त्वाची आहे. उंबरठ्याच्या व पायरीच्या कडेला गडद रंगावर पांढरा पट्टा ओढावा. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही. ताट गडद रंगाचे घ्यावे. तांब्या, काठी, चष्मा यांची जागा बदलू नये. न्हाणीकडील वाटेवर रात्री दिवा असावा.

दोन्ही इंद्रिये फारच क्षीण झाली तर स्पर्श उरतो. हेलन केलर १९ महिन्यांच्या असताना आजाराने अंध व बधिर झाल्या. १८८७ साली ॲन सुलिव्हन या शिक्षिकेने तळहातावर अक्षरखुणा करून त्यांना भाषा दिली. पुढे १९५५ साली हेलन केलर भारतातही येऊन गेल्या. आपणही आजोबांच्या तळहातावर बोटाने एकेक मोठे अक्षर, शिरोरेषा गाळून, काढू शकतो. आजीला लिहिता-वाचता येत नसेल तर तिच्याशी खुणा ठरवाव्या : मनगटावर एक थाप म्हणजे चहा, दोन म्हणजे जेवण.

खर्चाची अडचण असल्यास २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेची चौकशी करावी. तीत ६० वर्षांवरील गरजू वृद्धांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी विनामूल्य मिळते. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला आहे. ही चौकशी जिल्ह्याच्या सामाजिक न्याय विभागाकडे करावी.

सरतेशेवटी एक विनंती. मेथी निवडणे, शेंगा सोलणे ही हातांची कामे त्यांच्याकडून काढून घेऊ नका; आणि संत्र्याच्या बागेचा वा लग्नाचा विचार घरात चालला असता त्यांना मध्ये बसवून विचारा. ज्याचे मत विचारले जाते, तो मनुष्य घरात राहतो. बाकी सारे नुसते सांभाळणे होय. संस्थेच्या प्रत्येक कुटुंबाने एवढे मनावर घेतले, तर आपला महोत्सव सार्थकी लागेल.