भागीदारी संस्थेची नोंदणी : ‘ऐच्छिक’ या शब्दाचा खरा अर्थ

वाणिज्य शाखेच्या मुलांना भागीदारी शिकवताना एक वाक्य हमखास येतं – ‘भागीदारी संस्थेची नोंदणी ऐच्छिक आहे.’ मुलं ते पाठ करतात आणि ‘नाही केली तरी चालतं’ असा अर्थ घेतात. उद्या यांतलीच काही मुलं मित्राबरोबर धंदा सुरू करणार आहेत. म्हणून या वाक्याचा पुढचा भागही शिकवायला हवा.

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे नोंदणी न करणं हा गुन्हा नाही. संस्था बेकायदा ठरत नाही, व्यवहारही चालू राहतात. अडचण येते ती वाद झाल्यावर, कलम ६९ मुळे.

उदाहरण घेऊ. समजा, सदाशिव पेठेत दोन मैत्रिणी भागीदारीत डबे पुरवतात. नोंदणी केलेली नाही. एका वसतिगृहाकडे त्यांचे १,८०,००० रुपये थकले आहेत. आता काय होईल?

१) करारातून आलेल्या या येण्यासाठी संस्थेला वसतिगृहावर दिवाणी दावा लावता येत नाही.

२) उलट, मार्केट यार्डातल्या किराणा व्यापाऱ्याचे पैसे त्यांनी थकवले, तर तो मात्र त्यांच्यावर दावा लावू शकतो. त्याच्याकडूनही काही येणं असेल, तर १०० रुपयांवरची रक्कम त्या दाव्यात वळती करून मागता येत नाही.

३) एकीने नफ्यातला वाटा दिला नाही, तर धंदा चालू असताना दुसरीला तो हक्क दाव्याने मिळवता येत नाही. धंदा मोडून हिशेब मागण्याची वाट मात्र खुली राहते.

ही शेवटची वाट महाराष्ट्रात काही वर्षं बंदच होती. १९८४ च्या राज्य दुरुस्तीने कलम ६९ मध्ये पोटकलम (२अ) आलं. त्यामुळे, छोटे अपवाद सोडले तर, नोंदणी नसलेल्या संस्थेच्या भागीदाराला संस्था विसर्जित करा किंवा विसर्जित संस्थेचा हिशेब द्या, असा दावाही लावता येत नव्हता. म्हणजे भांडवल अडकलं तरी बोलायची सोय नाही! व्ही. सुब्रमण्यम यांच्या खटल्यात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पोटकलम घटनाबाह्य ठरवलं. भागीदाराची मालमत्ता अशी मनमानीपणे हिरावता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. जुन्या नोट्समध्ये ही तरतूद अजून असेल, तर ती दुरुस्त करून घ्यावी. कलम ६९ चा बाकीचा भाग आजही लागू आहे.

पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. करारनामा नोटरी केला, शॉप ॲक्ट काढला, पॅन आणि जीएसटी क्रमांक मिळाला, म्हणजे संस्थेची नोंदणी झाली असं नाही. ही नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडेच करावी लागते. दावा लावणाऱ्या भागीदारांची नावंही तिथल्या नोंदवहीत असावी लागतात. वडिलांच्या नोंदणीकृत फर्ममध्ये मुलगा किंवा मुलगी भागीदार झाली, की तो बदल लगेच कळवावा.

‘वाद झाला की करू नोंदणी’ हा विचारही धोक्याचा आहे. आधी दावा आणि मग नोंदणी, असं चालत नाही. नोंदणीनंतर दावा नव्याने लावावा लागतो. उधारीच्या वसुलीला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती तोवर संपली, तर पैसे गेल्यातच जमा.

वर्गात मुलांना एवढा एक प्रश्न द्यावा : वरच्या उदाहरणात दोघींनी आज नोंदणी केली, तर वसतिगृहाकडची थकबाकी वसूल करता येईल का? ‘हो’ म्हणणाऱ्याला लगेच विचारावं – थकबाकी किती वर्षांपूर्वीची आहे?